ताऱ्याची प्रतिमा दुहेरी दिसते

“साहेब, एक सांगायचं हाय,” सुबराव म्हणाले आणि डोक्यावरची पेटी त्यांनी आधी हळूच गवतावर ठेवली.

मी खिंडीच्या माथ्यावर धापा टाकत उभा होतो. खालून चढून यायला आम्हाला सव्वादोन तास लागले होते.

“काय झालं?”

“खालच्या वळणाला पाय घसरला माझा. पेटी दगडाला टेकली. आपटली न्हाई, नुसती टेकली. पन सांगून ठेवल्यालं बरं.”

मी घाईघाईने पेटी उघडली. आत थिओडोलाइट होतं, कोन मोजायचं यंत्र. मी ते सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. कुठे ओरखडा नव्हता, स्क्रू ढिला नव्हता, काच स्वच्छ होती. तरी मी सगळे स्क्रू पुन्हा एकदा चाचपले. उपविभागात तेवढं एकच चांगलं यंत्र होतं आणि ते माझ्या सहीने बाहेर पडलं होतं.

“जपून चालत जा हो,” मी म्हणालो.

“व्हय साहेब.”

ही १९७१ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी चोवीस वर्षांचा होतो, नोकरीला नऊ महिने झाले होते आणि प्रोबेशन संपायला तीन महिने उरले होते. कोल्हापूरच्या दक्षिणेला, सह्याद्रीच्या एका दांडावर आमचा तळ पडला होता. डोंगराच्या पोटातून पाणी पलीकडे नेता येईल का, याची पाहणी चालली होती. तळ म्हणजे दोन राहुट्या. एकीत मी, दुसरीत सुबराव चौगले. काठ्या धरायला येणारी माणसं खालच्या गावातून यायची आणि दिवस मावळायच्या आत परत जायची.

आमच्या खात्यात यंत्र वाहणाऱ्या, मांडणाऱ्या माणसाला खलाशी म्हणतात. समुद्राशी त्याचा काही संबंध नसतो. सुबराव असे खलाशी होते, पंचेचाळिशीचे, चौदा वर्षं रोजंदारीवर. त्या जूनमध्ये काही खलाशांना कायम करायची यादी निघणार होती आणि तिच्यात त्यांचं नाव होतं. ही बातमी त्यांनी मला पहिल्याच दिवशी भाकरी थापता थापता सांगितली होती आणि वर म्हणाले होते, “हुईल तवा खरं.”

त्या रात्री मला तारे बघून जागेचा अक्षांश काढायचा होता. उत्तरेला ध्रुव आणि दक्षिणेला साधारण तेवढ्याच उंचीवर येणारा एखादा ठळक तारा, अशा दोघांची उंची मोजायची. दक्षिणेसाठी मी कोष्टकातून सगळ्यात ठळक दिसला तो निवडला, अल्फा सेंटॉरी. त्याची जागा आणि वेळ मी कागदावर मांडून ठेवली होती. त्याच्याबद्दल त्यापलीकडे मला काहीही ठाऊक नव्हतं. आकाशातले तारे ओळखण्याचा छंद मला कधी नव्हता. परीक्षेपुरतं गणित केलं होतं, इतकंच.

साडेनऊच्या सुमारास तो दक्षिणेच्या डोंगराच्या वर स्पष्ट दिसत होता. त्याच्या उजवीकडे आणखी एक ठळक तारा होता. सगळ्यात उंच यायला त्याला अजून तासभर होता, पण हात बसावा म्हणून मी आधीच दुर्बीण लावली. आतल्या उभ्या-आडव्या रेषा अंधारात दिसत नाहीत, म्हणून कुणीतरी दुर्बिणीच्या तोंडाशी बॅटरीचा उजेड तिरका धरावा लागतो. तो सुबराव धरून होते.

तारा नजरेत आला आणि मी चमकलो. एका ताऱ्याच्या जागी दोन ठिपके होते, अगदी जवळ जवळ.

मी डोळा चोळून पुन्हा लावला. दोन. नजर जुळवायची कडी पुढे-मागे फिरवली. ठिपके धूसर झाले, पुन्हा स्पष्ट झाले, पण दोनच राहिले.

“बॅटरी बंद कर,” मी म्हणालो.

उजेड गेला. तरी दोन.

“काय झालं साहेब?”

“काय झालं? काच हलली आतली! एकाचे दोन दिसतायत. आपटलीस ना पेटी?”

त्या माणसाला मी त्या रात्री पहिल्यांदा अरे-तुरे केलं. ते माझ्या वडिलांपेक्षा चार-पाच वर्षांनीच लहान असतील.

“आपटली न्हाई साहेब. टेकली.”

“टेकली काय न् आपटली काय. यंत्र गेलं कामातून.”

मी दुसऱ्या कुठल्याही ताऱ्याकडे दुर्बीण वळवली नाही. खरं सांगायचं तर ते सुचलंच नाही. माझ्या डोक्यात एवढंच होतं की यंत्र माझ्या सहीवर आहे, प्रोबेशन संपायचं आहे, आणि विचारणा व्हायच्या आत आपला कागद वर गेला पाहिजे. यंत्र पेटीत बंद करून मी राहुटीत गेलो आणि कंदिलाजवळ बसून पत्र लिहिलं. पाच ओळींचं. ‘खलाशी सुबराव चौगले यांच्या निष्काळजीपणामुळे यंत्रास धक्का बसला असून ताऱ्याची प्रतिमा दुहेरी दिसते. तरी यंत्र दुरुस्तीस पाठविण्याची व्यवस्था व्हावी.’ खाली सही.

सकाळी रेशन घेऊन जीप खिंडीखालपर्यंत आली. मी खाली उतरून ड्रायव्हरच्या हातात पाकीट दिलं. वर आलो तेव्हा सुबरावांनी यंत्र तिपाईवर मांडून ठेवलं होतं.

“साहेब, समोरच्या टेकडीवरची काठी बगा की. ती एकच दिसती का दोन?”

मी बघितली. एकच दिसली, स्वच्छ, तिच्यावरचे लाल-पांढरे पट्टे मोजता येतील इतकी.

“दिवसा नाही कळत ते,” मी म्हणालो. हे म्हणताना ते खरं नसावं असं मला वाटलं होतं. पण पाकीट गेलं होतं.

सुबरावांनी दुर्बिणीच्या काचेवर झाकण बसवलं. मग म्हणाले, “पाकिटात माझं नाव हाय का?”

“आहे.”

त्यांनी मान हलवली आणि चुलीकडे गेले. तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलू लागले. रागाने नाही. सकाळी चहा वेळेवर यायचा, भाकरी गरम असायची, पाण्याची बादली राहुटीच्या दारात भरलेली असायची. माझ्याच्याने त्यांच्याकडे बघवत नव्हतं. एक-दोनदा मनात आलं की उतरून जावं आणि पत्र परत मागावं. पण काय सांगून मागायचं? दोन ठिपके मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

पुढचे दोन दिवस संध्याकाळ झाली की वळवाचे ढग येत. तिसऱ्या दिवशी दुपारीच एक सर पडून गेली आणि दिवस मावळताना आभाळ धुतल्यासारखं मोकळं झालं. जेवण झाल्यावर सुबराव माझ्या राहुटीशी आले.

“साहेब, मशीन आता दुरुस्तीला जानार पुन्याला. जायच्या आधी एकदा मला त्यातनं बगू द्या.”

“तुम्ही कधी बघितलं नाहीत?”

“चौदा वर्सं वाह्यलं. एकदाबी डोळा लावला न्हाई. कुनी म्हनलं न्हाई, मी इचारलं न्हाई.”

मी उठलो. त्यांनी तिपाई रोवली, यंत्र बसवलं, पातळी दाखवणारा बुडबुडा मधोमध आणला. हे सगळं ते माझ्यापेक्षा लवकर करत. मी तारा लावून दिला आणि बाजूला झालो.

सुबरावांनी टोपी काढून खिशात ठेवली. हात पाठीमागे बांधले, यंत्राला चुकून लागू नयेत म्हणून, आणि वाकून डोळा लावला. बराच वेळ ते तसेच राहिले.

“दिसतायत का दोन?” मी विचारलं.

“दिसत्यात. पन साहेब, ही दोन सारखी न्हाईत.”

“म्हणजे?”

“एक थोरला हाय, एक धाकला. थोरला पिवळा हाय. धाकला जरा तांबूस. काच फुटून एकाचं दोन झालं असतं तर सारखंच दिसाय पायजेत न्हवं? माझ्या घरी आरसा तडकलाय, त्यात माझी दोन तोंडं दिसत्यात. पन दोन्ही माझीच.”

मी त्यांना जवळजवळ बाजूला सारून डोळा लावला. खरंच होतं. डावा ठिपका मोठा, उजवा त्याच्या निम्म्याहूनही लहान. रंगसुद्धा वेगळा. पहिल्या रात्री मी फक्त मोजलं होतं, एकाऐवजी दोन. त्यापुढे बघितलंच नव्हतं.

“साहेब, त्याच्या शेजारचा लावा की,” सुबराव मागून म्हणाले. “उजव्या हाताचा.”

मी दुर्बीण किंचित वळवली. एक ठिपका. एकच, टाचणीच्या टोकासारखा. ध्रुवाकडे वळवली. एक. आणखी दोन-तीन ताऱ्यांवर लावली. एक, एक, एक. परत दक्षिणेला आणली. दोन.

मग मी, जे पहिल्या रात्रीच करायला हवं होतं, ते केलं. दुर्बीण उलटी पालटली आणि यंत्र अर्ध्या फेऱ्याने फिरवून पुन्हा त्याच ताऱ्यावर लावली. काचेत दोष असता तर दुर्बिणीबरोबर तोही उलटा झाला असता आणि धाकटा ठिपका दुसऱ्या बाजूला गेला असता. धाकटा जागचा हलला नव्हता.

दोष यंत्रात नव्हता. आकाशात खरोखरच दोन तारे होते.

मी सरळ झालो. अंधारात सुबरावांचा चेहरा दिसत नव्हता, आणि माझा त्यांना दिसत नाही याचं मला बरं वाटलं.

“मशीन चांगलं हाय?” त्यांनी विचारलं.

“चांगलं आहे.”

“मग झालं,” ते म्हणाले आणि तिथेच गवतावर बसले. तेव्हा मला कळलं की गेले तीन दिवस तो माणूस जूनच्या यादीची धास्ती घेऊन वावरत होता.

मी पहाटेच निघालो. दोन तास उतरून गाव, तिथून सात मैल चालून फाटा, मग एस.टी. उपविभागाच्या ऑफिसात पोचायला दुपारचे दोन वाजले. उपअभियंता मुजावरसाहेब नकाशावर पट्टी ठेवून काही मोजत होते. ते पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांच्यासमोर भल्याभल्यांची भंबेरी उडत असे.

“केळुसकर, यंत्र आणलंस?”

“नाही साहेब. यंत्र चांगलं आहे.”

त्यांनी पट्टी खाली ठेवली. “चार दिवसांपूर्वी खराब होतं.”

मी सगळं सांगितलं. काठी एक दिसत होती तेही सांगितलं. शेवटी म्हणाले, “तारा कुठला?”

“अल्फा सेंटॉरी.”

मुजावरसाहेबांनी चष्मा काढला. “अरे, तो तर मित्र. नरतुरंग तारकासमूहातला, आपल्याकडे त्याला मित्र म्हणतात. जोडतारा आहे तो. दोन सूर्य आहेत, एकमेकांभोवती फिरतात. एक फेरा पुरा व्हायला ऐंशी वर्षं लागतात. छोट्या दुर्बिणीतूनसुद्धा दोन दिसतात.”

“मला माहीत नव्हतं, साहेब.”

“माहीत नसणं हा काही गुन्हा नाही. पण पत्रात ताऱ्याचं नाव का नाही लिहिलंस? नाव असतं तर मी त्याच मिनिटाला तुला निरोप पाठवला असता.”

“सुचलं नाही.”

“खलाशाचं नाव लिहायचं बरं सुचलं.”

पंख्याच्या वाऱ्याने नकाशाचं टोक वर-खाली होत होतं. बाहेरच्या खोलीत टाइपरायटर चालला होता.

त्यांनी घंटी वाजवून हेडक्लार्कना बोलावलं. यादी अजून ऑफिसातच होती, दुसऱ्या दिवशीच्या टपालाने जाणार होती. सुबराव चौगले या नावापुढे लाल शाईने लिहिलं होतं, ‘चौकशी प्रलंबित’. त्या दोन शब्दांनी ते नाव आणखी चार-पाच वर्षं मागे गेलं असतं, कदाचित कायमचंच.

“शेरा काढायचा तर कागद लागेल,” हेडक्लार्क म्हणाले. “केळुसकरसाहेबांनी आधीचं पत्र मागे घेतो असं लिहून द्यावं.”

“नुसतं मागे घेतो म्हणून भागणार नाही,” मुजावरसाहेब म्हणाले. “चूक खलाशाची नव्हती असं लिहिलंस की वरचे विचारतील, मग कुणाची? ते लिहावं लागेल. तू प्रोबेशनवर आहेस, केळुसकर. कागद तुझ्या फाइलला लागेल. विचार कर, मग लिही.”

“लिहितो साहेब.”

तिथेच, हेडक्लार्कच्या टेबलाच्या कोपऱ्यावर मी लिहिलं. यंत्र सुस्थितीत आहे. निरीक्षण अपुरे होते. दुसरा तारा पाहून खात्री करणे आवश्यक असता ती केली नाही, ही चूक माझी. खलाशी सुबराव चौगले यांनी पेटी दगडास टेकल्याचे स्वतःहून सांगितले होते; यंत्र सुस्थितीत असल्याचेही त्यांच्याच निरीक्षणावरून सिद्ध झाले. ‘निरीक्षण’ या शब्दाशी हेडक्लार्क थांबले. “खलाशाचं निरीक्षण?” मी म्हणालो, “हो, तसंच राहू द्या.” मुजावरसाहेबांनी वाचून खाली सही केली आणि लाल शब्दांवर स्वतःच्या पेनने आडवी रेघ मारली.

निघताना मी त्यांचे आभार मानले. ते नकाशाकडे वळले होते. “माझे कसले आभार?” म्हणाले. “एस.टी. चुकेल तुझी.”

ती रात्र मी फाट्यावरच्या चहाच्या दुकानात काढली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळावर पोचलो. माझ्या राहुटीसमोर एक बाई बसली होती. डोक्यावरून पदर, मांडीवर फडक्यात बांधलेलं गठुळं. मला बघून ती उठली आणि मी काही बोलायच्या आत तिने सुरुवात केली.

“साहेब, मी हौसाबाई, ह्यांची घरकारीन. ह्यांच्याकडनं कवाच काय मोडत न्हाई. मुसळधार पावसात पेटी पोटाशी धरून आल्याली मानसं हायती ही. घरात एक येळ प्वार हातातनं निसटंल, पर…”

“हौसा, गप,” सुबराव चुलीजवळून ओरडले. मग मला म्हणाले, “मी हिला काय सांगिटलं न्हवतं साहेब. गावातल्या काठीवाल्यांनी सांगिटलं. चार कोस चालून आलीया.”

“बाई,” मी म्हणालो, “चूक माझी होती. मी तसं लिहून दिलंय. नावापुढचा शेरा निघाला. यादी आज सकाळच्या टपालाने गेली असेल.”

तिला ते लगेच कळलं नाही. तिने नवऱ्याकडे बघितलं. सुबराव हातातली लाकडं तशीच धरून उभे होते.

“सुबराव,” मी म्हणालो, “मी त्या रात्री तुम्हाला जे बोललो…”

“जेवला न्हाई तुमी,” ते म्हणाले. “चेहरा उतरलाय. आदी जेवा.”

गठुळ्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कच्चे कांदे होते. माझी मनधरणी करण्यासाठी आणलेला तो ऐवज मी त्या दोघांच्या समोर बसून खाल्ला. हौसाबाई दर घासाला माझ्याकडे बघत होती आणि ताटली रिकामी व्हायच्या आत वाढत होती.

जेवण झाल्यावर सुबराव म्हणाले, “साहेब, हिला दावू का?”

“तुम्हीच लावा,” मी म्हणालो.

“मी?”

“तुम्हीच.”

त्यांनी यंत्र मांडलं. स्क्रूला बोट लावताना ते क्षणभर थांबले, मग हलक्या हाताने फिरवू लागले. मी खिशात हात घालून लांब उभा राहिलो. त्यांना तारा सापडायला वेळ लागला. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं “हं” केलं आणि बायकोला पुढे बोलावलं.

“एक डोळा झाक. हात लावू नगंस कुटं.”

हौसाबाईने डोळा लावला. “अगं बया,” ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, “मधी फट हाय.”

“ती फट कमी-जास्त होत असते,” मी तिला सांगितलं. मुजावरसाहेबांकडून ऐकलेलं होतं तेवढंच. “ते एकमेकांभोवती फिरतात. एक फेरा ऐंशी वर्षांचा.”

“ऐंशी?” तिने यंत्रापासून तोंड वळवून माझ्याकडे बघितलं. “म्हंजे ह्यो फेरा पुरा झाल्याला आमच्या नातवंडास्नीच दिसायचा.”

“हो.”

“नाव काय त्याचं?”

“मित्र.”

तिने नाव एकदा स्वतःशी म्हटलं आणि परत डोळा लावला. सुबराव तिच्याजवळ, पण यंत्राला धक्का लागणार नाही इतक्या अंतरावर उभे होते. तिचं बघून झालं तेव्हा ते माझ्याकडे वळले.

“आता तुमी बगा साहेब.”

“मी बघितलाय, सुबराव. कितीदा तरी.”

“न्हाई,” ते म्हणाले. “एकदा मशीन मोडलंय का त्ये बगितलंसा. एकदा मोडलं न्हाई त्ये बगितलंसा. तारा कुटं बगितला?”

मी पुढे झालो आणि वाकलो. दोन्ही तारे अगदी जवळ, डोंगराच्या धारेवरच्या हवेत किंचित थरथरत होते. थोरला पिवळा, धाकटा तांबूस, आणि मधली ती काळी फट. मी श्वास रोखून बघत राहिलो. चोवीस वर्षांत मी आकाशाकडे असं बघितलं नव्हतं. माझ्या खांद्यामागे दोन माणसं माझं बघून व्हायची वाट बघत होती, जिचा संसार मी चार दिवस टांगणीला लावला होता ती आणि तिचा नवरा, आणि त्यांना माझी काही घाई नव्हती.

“सुबराव,” मी डोळा न काढता म्हणालो, “तुमचे फार उपकार झाले माझ्यावर.”

“बोलू नगा साहेब,” ते म्हणाले. “मशीन हालतंय.”